सनईवाल्याचा गाल

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," म्हातारा ह्लाइंग म्हणाला. "बसूच नये. माझाच बसत नाही."

ब्रह्मदेशातल्या मौलमीनच्या धक्क्याजवळच्या चहाच्या दुकानात मंडळी पुढे सरकली. ह्लाइंग जत्रेतल्या ताफ्यात ढोल वाजवायचा. शेजारी बसलेला शेन त्याच ताफ्यातला सनईवाला. पण महिनाभर शेनची सनई पिशवीतच होती. चहासुद्धा तो निववून, एका बाजूने पीत होता.

"चार वर्षांपूर्वी माझ्या गालात आतून जखम झाली," ह्लाइंग सांगू लागला. "मी म्हटलं, पानातल्या चुन्याने भाजलं."

"मलाही चुन्यानेच भाजलंय," शेन पुटपुटला.

"मग म्हटलं, दाढेची कड तुटलीय, ती घासत असेल. मग मिरचीवर ढकललं. शेवटी बायकोवर."

"तिने काय केलं?" दुकानाच्या मालकिणीने, दॉ न्वेने विचारलं.

"चावली असेल झोपेत."

सगळे खिदळले.

"साधी जखम दोन आठवड्यांत भरते. माझी तीन झाले तरी तिथेच. वर पांढरा चट्टा. मग दुखायची थांबली, तर मी खूश! इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न दुखणाऱ्या जखमेलाच माणसं फसतात. त्यांनी तोंडात दिवा धरला. सात शिकाऊ डॉक्टर रांगेने वाकून बघून गेले. एकाची चप्पल आतच राहिली."

"ह्लाइंगकाका, थाप मारा, पण चपलेच्या मापाची मारा!" दॉ न्वे म्हणाली.

"चप्पल सोड गं." ह्लाइंगच्या हातातला चहा बशीत सांडला. "तीळभर तुकडा काढून तपासला. वेळेत आलात म्हणाल्या. चट्टा कापला, पान बंद केलं. आज मी ढोल वाजवतोय."

"ढोल तोंडाने वाजवत नाहीत," शेन एकदम म्हणाला. "माझा गाल कापला तर फुंक कुठून आणू? मला दुसरं येतंय काय?"

"आणि घरी बसलास तर? फुंकही जाईल, फुंकणाराही जाईल."

शेन जिभेने गाल आतून चाचपत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तो इस्पितळात गेला. तीळभर तुकडा खरोखरच काढला. निदान कर्करोगाचं होतं, पण आजार अजून लहान होता. चट्टा कापला, पान सुटलं. महिनाभर पेज, मग महिनाभर रिकाम्या बाटलीत फुंका. पहिल्या दिवशी नुसती थुंकी उडाली. विसाव्या दिवशी बाटली घुमली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाल स्वच्छ आहे. येत राहा, पण वाजवा खुशाल."

पॅगोडाच्या जत्रेत शेन मांडवात उभा राहिला. पहिला सूर थोडा फाटला. दुसरा सरळ वर गेला. भजीवाला कढई सोडून आला, पाळणेवाल्याने पाळणा मध्येच थांबवला, वर लटकलेल्यांनीही तक्रार केली नाही. नदीपलीकडची कुत्री गप्प झाली असं ह्लाइंग अजून सांगतो. तासभर शेन थांबला नाही आणि कोणी त्याला थांबू दिलं नाही.

मांडव टाळ्यांनी दणाणला तेव्हा ह्लाइंग ढोलामागून छाती फुगवून उठला. "बघा रे! माझ्या गालातल्या जखमेने याचा गाल वाचवला!"

"खोटारड्या!" शेन भर मांडवात ओरडला आणि त्याने ह्लाइंगला कडकडून मिठी मारली. "तुझ्या गालात कधी जखम नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं! पन्नास वर्षं तुझ्या थापा ऐकतोय मी. पण त्या दिवशी थाप मारताना पहिल्यांदाच तुझ्या हातातला चहा सांडला, म्हणून घाबरून इस्पितळात गेलो!"