दुसरी खोली

प्रत्येक थोर वास्तूच्या पोटात एक रहस्य असतं. या हॉलच्या पोटातलं रहस्य व्यवस्थापकाने वरपक्षाला भाड्याने देऊन टाकलं होतं.

झालं असं, की हॉलला खोली एकच, ती वधूपक्षाकडे गेलेली. आणि पत्रिकेवर कोणाचं नाव आधी यावरून दोन्ही विहिणींचं बोलणं बंद. स्वतंत्र खोली नसेल तर लग्न समोरच्या लॉनवर, असं वरमाईने बजावलं होतं. आधीची दोन लग्नं लॉनवर गेली होती. तिसरं गेलं, तर मालक व्यवस्थापकालाही त्याच रस्त्याला लावणार होता. म्हणून व्यवस्थापकाने मागच्या भिंतीतल्या बंद दाराकडे बोट केलं आणि म्हणाला, "ती तुमची." चावी कुठेच नव्हती. पण दार आहे म्हणजे मागे खोली असणारच, एवढं तर्कशास्त्र तो कॉलेजात शिकला होता.

मुळात ही इमारत घरबांधणीच्या सामानाच्या प्रदर्शनासाठी उभारलेली. प्रदर्शन गेलं, उंच छप्पर राहिलं, आणि उंच छपराखाली लोक लग्नं करतात. मागे राहिलेल्या गोष्टी व्यवस्थापकाने आपल्या परीने समजून घेतल्या होत्या. खांबावरच्या नळाला कधी पाणी आलं नव्हतं. लाइन चोंदली असावी. कोपऱ्यातल्या संगमरवरी चार पायऱ्या चढलं की डोकं भिंतीला लागायचं. पण फोटो झकास येत. पडद्यामागची खिडकी उघडली की विटा दिसत. शेजाऱ्याने मागाहून भिंत घातली असणार, दुसरं काय.

लग्नाच्या सकाळी कुलूपवाला दारासमोर मांडी ठोकून बसला. दार सागवानी, कुलूप पितळी, तळहाताएवढं. बराच वेळ खटपट करून तो आदराने म्हणाला, की असलं कुलूप कोणी उगाच लावत नाही. ही बातमी मांडवभर झाली. वायरमनच्या मते आत जुना जनरेटर होता. नवऱ्यामुलाच्या मामांनी किल्लीच्या भोकाला नाक लावलं आणि जुनी दारू असल्याचं जाहीर केलं. मामांना तो वास कुठेही येई.

वरमाईने मामांना बाजूला सारून भोकाला डोळा लावला. तेवढ्यात वधूची आई आपल्या खोलीतून बाहेर आली. थोडा वेळ तिने ताठा धरला, मग राहवेना.

"सरका जरा," ती म्हणाली. साखरपुड्यानंतर विहिणीशी ती बोललेले हे पहिले शब्द.

वरमाई सरकली. "काळं दिसतंय," तिने आपणहून सांगितलं.

"फार काळं आहे हो," वधूची आई आत बघत म्हणाली.

कुलूप खटकन उघडलं. दार जराही न कुरकुरता फिरलं. मागे विटांची भिंत होती. गिलावासुद्धा केलेला नव्हता.

मामांनी एका विटेवर टिचकी मारून पाहिली. व्यवस्थापकाला समोरचं लॉन डोळ्यांपुढे हिरवंगार दिसू लागलं. वरमाईने भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग ती विहिणीकडे वळली.

"तुमच्या खोलीत आरसा मोठा आहे का हो?"

"पुरेल दोघींना."

दोघी आत गेल्या. थोड्याच वेळात आतून व्यवस्थापकाचा उद्धार ऐकू आला, एका सुरात, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत. तो ऐकून त्याला नोकरी टिकल्याची खात्री पटली.

लग्न वेळेवर लागलं. पंगती चालू असताना तो ते दार लोटायला गेला. दाराच्या आतल्या अंगाला धुळीखाली काहीतरी चकाकत होतं. त्याने बाहीने पुसलं. पितळी पट्टी होती.

'नमुना दार, कुलपासह. फक्त पाहण्यासाठी.'