अपूच्या अंगातले काटे

पाइपाच्या जागी नुसतं भोक होतं. त्यात कुणीतरी नैवेद्यासारखी कोकाची पानं आणि लामा या जनावराची चरबी भरून वर मक्याची दारू ओतली होती. नोर्माने वाकून वास घेतला. दारू तिच्याच घरच्या रांजणातली होती.

दरवर्षी कोरड्या दिवसांत ती विद्यापीठातून गावी यायची, आईला सोबत घेऊन कड्याच्या वाटेने हिमनदीच्या माथ्यावर चढायची आणि बर्फात रोवलेले सहा पाइप मोजत खाली उतरायची. पाइप जितका बाहेर आला तितका बर्फ गेला, हिशेब सरळ होता. यंदाचं मोजमाप हाती पडलं की सरकार गावाला पाण्याचं तळं बांधून देणार होतं.

पुढच्या जागीही भोकच निघालं. त्याच्या पुढेही तेच.

"आई, कुणी काढले?"

आईने, सातुर्निनाने, पाठीवरचं गाठोडं सावरलं. "मी. निम्मे बाहेरच आले होते. ओढले की निघाले."

"कशाला पण?"

"गावाची बैठक झाली. म्हणाले, अंगात असे काटे रुतवल्यावर अपू, आपला डोंगरदेव, बर्फ धरील कसा? तो तिबुर्सियो तर म्हणाला, पोरगी शिकून डॉक्टरीण झाली आणि पहिला रोगी आपलाच डोंगर मारला. तुला गावात पाऊल टाकू द्यायचं नाही असं ठरत होतं. मी म्हटलं, काटे मी काढते, पोरीला कुणी बोलायचं नाही."

"आणि तुला पटलं ते?"

"कळपातल्या अल्पाका मरताहेत, नोर्मा. कुरण वाळून गेलंय. काटा काढला की दुखणं थांबतं, एवढं मला ठाऊक आहे."

नोर्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता तळं विसरा. शहरातल्या लोकांना काय दाखवू, ही भोकं?"

आपल्याच माणसाने मायेपोटी नुकसान केलं की रागाला जागाच उरत नाही. दोघी उतरू लागल्या.

सहावा पाइप हिमनदीच्या अगदी खालच्या टोकाशी होता. नोर्माने तो गेल्याच वर्षी नव्याने खोल रोवला होता. आता तो उघड्या खडकावर आडवा पडला होता, टोकापासून टोकापर्यंत कोरडा. बर्फाची कड मागे वर राहिली होती, हाक मारली तर जेमतेम ऐकू जाईल इतकी लांब.

"हा मी काढला नाही," सातुर्निना म्हणाली. "पाऊस सरला तेव्हा आले होते. घट्ट बसला होता. मला हलेना."

"माहीत आहे."

"मग कुणी काढला?"

नोर्माने वर बोट दाखवलं. म्हातारीने एकदा वर बर्फाच्या कडेकडे पाहिलं, एकदा पायाखालच्या दगडाकडे. मग ती खडकावर बसली.

उठली तेव्हा तिने पाइप उचलून खांद्यावर घेतला.

"गावात बोलू नकोस, तेवढीच आशा उरलीय त्यांना," ती म्हणाली. "हाही मीच काढला म्हणून सांगते."