गळ्याजवळचं बटण

टेलरबाईंना गिऱ्हाइकं पाठीमागे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायची, कारण माप घ्यायच्या आधी त्या माणसाची उलटतपासणीच घ्यायच्या. एक निवृत्त हेडमास्तर थरथरते हात घेऊन आले. “बटणं लावता येत नाहीत. तीन टेलर झाले, प्रत्येकजण आणखी मोठी बटणं लावून देतो.”

“सर, तुम्हाला बटणं लावायची आहेत, की लावलेली दिसायला हवीत?”

उभ्या नोकरीत असा प्रश्न सरांनी एकाही पेपरात काढला नव्हता.

आठवड्यात शर्ट तयार झाला. वर नुसती शोभेची बटणं, आतून वेल्क्रोची पट्टी. सरांनी एका झटक्यात तो बंद केला, आरशात पाहिलं आणि स्वारी खूश झाली. मग हळूच म्हणाले, “गळ्याजवळचं बटण तेवढं खरं करा.”

“अहो, सगळ्यात अवघड तेच!”

“म्हणून तर! इतके दिवस सगळी बटणं आमची ही लावून द्यायची. आता रोज सकाळी जवळ यायला तिला काही निमित्त नको?”

प्रश्नपत्रिकेने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. त्या बटणाचं काज मात्र मुद्दाम जरा घट्टच ठेवलं.