शेठनी हात जोडले

उखर्डूच्या केळीच्या ट्रकनं हस्तीमल शेठची उभी फियाट चेपली, आणि दुसऱ्याच दिवशी जैनांची संवत्सरी आली. रिवाजाप्रमाणे शेठनी डाळमिलच्या दारात येईल-जाईल त्याला हात जोडून वर्षभराच्या चुकांची माफी मागितली, आणि दिलीही. उखर्डू समोर आला, त्याच्यापुढेही हात जोडले.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी विम्याचे साहेब आले. शेठ गाडीभोवती येरझारा घालत होते.

"ट्रकवाला म्हणतो, चूक तुमची. तुम्ही चारचौघांत त्याची माफी मागितलीत."

"अहो, त्या दिवशी सगळ्यांचीच मागतात! हमालांची मागितली, बायकोची मागितली!"

"हमालांनी गाडी ठोकलेली नाही. ट्रकवाल्याची मागितली की नाही, तेवढं सांगा."

शेठनी धोतराचा सोगा सोडला, पुन्हा धरला. खोटं बोलायला जीभ वळेना.

"मागितली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते निघून गेले. फाटकाआड उभा असलेला उखर्डू मान खाली घालून आत आला.

"शेठ, लायसन जाईल म्हणून खोटं बोललो. माफ करा."

"आता काय करू?" चेपलेल्या दारावर हात आपटत शेठ ओरडले. "कालच करून बसलोय!"