दम

आमच्या देवसिंगला हाक मारली, तर दम संपेपर्यंत तो जबाबच देत नाही. दिवसभर सरकी काढायच्या जिनात कापसाची धूळ खातो, खोकत घरी येतो, अन् भाकर तशीच ठेवून अंगणात "हुतूतू, हुतूतू" करत फिरतो. सारा तांडा हसतो. मी, त्याची माय, म्हणायची, "असा फुसफुसत राह्यला तं पोरगी कोण देईल तुले?" तर म्हणे, "याडी, मले जिल्ह्याकडून खेळाचं हाय."

काल कळंबला निवडीचा सामना झाला. चौघांनी पाय धरले, तरी माझा पोरगा त्यांना फरफटत मधल्या रेघेकडे घेऊन आला. रेघ बोटभर राह्यली अन् खोकला उसळला. दम तुटला, बाद झाला.

तांड्यापर्यंत आम्ही मायलेक चालत आलो. माझे पाय भरून आले होते. दारात बसला अन् म्हणाला, "याडी, खेळ सोडतो मी. छातीत काही राह्यलं नाही."

भांडायचंही त्राण नव्हतं मला. तरी म्हटलं, "खेळ कायले सोडतं? जिन सोड. उद्यापासून जिनात मी जाईन. मले कुठं मैदानात उतराचं हाय!"