प्रॉपर नाऊन

मथुराबाईला इंग्रजी आलं, की गिरणीच्या साहेबाकडं जोडीनं चहाला जायचं आणि हेडक्लार्कची खुर्ची पटकावायची, असा हिंदुरावांचा हिशेब होता. म्हणून ती भाकरी थापायला बसली, की ते धडा घ्यायला बसत.

"हजबंड हे कॉमन नाऊन, घरोघरी असतो. हिंदुराव हे प्रॉपर नाऊन, तो एकच. आणि ब्रेव्ह हे त्याचं ॲडजेक्टिव्ह."

"अवो, नवऱ्याचं नाव घेतलं तर पाप लागंल की!"

"इंग्रजीत लागत नाही. म्हण!"

मग १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला. गल्लीतल्या पिंपळावर कुणीतरी तिरंगी झेंडा बांधला, आणि बांधणाऱ्याला धरायला गोरा साहेब शिपाई घेऊन दारोदार फिरू लागला. गडीमाणसं माळ्यावर दडली, बायका दारात आल्या. नवऱ्याचं नाव विचारलं, की एकेक जण पदर दातात धरून गप्प. शेजारची गोजरबाई तेवढी बोलली, "आमच्यात न्हाय घेत नाव, सायेब."

साहेब मथुराबाईच्या दारात आला. संगीन बघून ती बाकी सगळं विसरली. जे पाठ होतं तेवढंच न अडखळता तोंडातून पडलं.

"माय हजबंड हिंदुराव इज अ ब्रेव्ह मॅन."

 

अख्ख्या गल्लीत साहेबाला मिळालेलं ते एकच नाव, म्हणून सक्तमजुरी हिंदुरावांनी भोगली. झेंडा बांधणारा गोजरबाईचा नवरा धोंडीराम शेजारच्याच माळ्यावर सगळं ऐकत बसला होता.