मोडलेली युरिडिसी

डॉक्टरांनी एवान्थियाला विस्मृतीवरच्या गोळ्या सुरू केल्या, तेव्हा अथेन्सला राहणाऱ्या लेकीने ऑर्फियस आणि युरिडिसी या प्रेमिकांच्या चित्राचं जिगसॉ कोडं पाठवलं. ते जुळवण्यात तिची सकाळ जायची. पुरं झालेलं चित्र तिचा नवरा लेफ्तेरिस दुपारी ती झोपली की गुपचूप मोडायचा, म्हणजे उद्या ती पुन्हा गुंतेल आणि आपल्याला चौकात निवांत सोंगट्या खेळता येतील. एकदा तो परतला तर ती रडत होती. “हे काल पुरं केलं होतं ना रे? मला वेड लागलंय का?” त्याला राहवलं नाही. “नाही गं, मीच मोडतो रोज.” “मेल्या!” हसत डोळे पुसून तिने लेकीला स्पीकरवर फोन लावला. “मला काही झालेलं नाही गं! आता गोळ्या बंद!” “खरंच, बाबा?” लेकीने विचारलं. तिचं विसरणं कोडं येण्याआधीपासूनचं होतं, हे त्याला ठाऊक होतं. बायकोच्या फुललेल्या चेहऱ्याकडे त्याला बघवेना. “हो,” तो म्हणाला.